भरलेली किटली

अब्बांना नांदगावला पाठवायचं, हे आमच्या घरात कुणी एकाने ठरवलं नाही. ते आपोआप ठरत गेलं. असल्या गोष्टी अशाच ठरतात, म्हणजे नंतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला मोकळा. मला या प्रकाराचा भयंकर राग येतो. तरी मी गप्प होते, कारण मी सून. सुनेने सासऱ्यांना इथेच ठेवा म्हटलं की तिचं कौतुक होतं, पण रात्री तीनदा उठावं लागतं ते सासूला. दुसऱ्याच्या झोपेवर आपण चांगलं म्हणवून घ्यायचं, हे मला पटत नव्हतं.

अब्बा म्हणजे माझे सासरे, सलाउद्दीन. पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या हंगामात त्यांचा टेम्पो चालायचा. पॅकहाऊसमधून क्रेट भरून घ्यायचे आणि पहाटेच्या आत मुंबई गाठायची. मोठ्या आवाजाचा माणूस. फोनवर बोलायला लागले की शेजारच्यांना वाटायचं भांडण चाललंय. दिवाळीच्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, थोडा ओढत चालतात एवढंच. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहतो, आणि शब्द गेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी आल्यावर त्यांच्याशी मोठमोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागलो. तोंडातून भलताच आवाज निघतो म्हणून अब्बांनी आवाज काढणंच सोडून दिलं. मानी माणूस आहे.

वडाळा रोडवर दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. घरात अब्बा, अम्मी, माझा नवरा शहजाद आणि मी. शहजादची बहीण माहेनूर जवळच्याच गल्लीत दिली आहे, ती रोज संध्याकाळी येऊन जाते. आमच्या घरात वाक्य एका भाषेत सुरू होतं आणि दुसऱ्या भाषेत संपतं. मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे कुठलंही मराठी बोलणं निस्तरायचं असलं की मला पुढे करतात.

अब्बांच्या हातापायांचा व्यायाम घ्यायला सुयश नावाचा मुलगा यायचा. तो म्हणाला, नुसता व्यायाम करून माणूस कंटाळतो, त्यांना रोजचं एक काम द्या, त्यांचं स्वतःचं. म्हणून शहजाद आणि मी गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून कढीपत्त्याचं झाड आणलं, चांगलं कमरेएवढं, कुंडीसकट. गॅलरीत ठेवलं. पाणी घालायला चहाची लहान किटली घेतली, कारण तिचा कान डाव्या हातात नीट बसतो. सकाळचा चहा झाला की अब्बांनी किटली घ्यायची, भिंतीला खांदा लावत गॅलरीपर्यंत जायचं, झाडाला पाणी घालायचं आणि परत यायचं. सुरुवातीला आम्ही सगळे दारात उभे राहून बघायचो. माहेनूरने तर व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. अब्बांना ते आवडलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्यांचा चेहरा वाचायची सवय तेव्हा आम्हाला नव्हती.

मग थंडी पडली, आणि किटली भरलेलीच परत यायला लागली.

पहिल्यांदा अम्मींच्या लक्षात आलं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि हळूच मला दाखवलं. अब्बा गॅलरीत गेले होते, बराच वेळ तिथे होते आणि तसेच परत आले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. कधीतरी किटली अर्धी रिकामी असायची, पण बहुतेक वेळा भरलेली. अम्मी म्हणाल्या, विसरतात. जायचं लक्षात राहतं, कशाला गेलो ते विसरतात. वर त्यांच्या डाव्या हाताच्या नखात चिखल असायचा. अम्मी रोज ब्रशने नखं घासायच्या आणि पुटपुटायच्या, की लहान पोरासारखं मातीत खेळायला लागलेत. हे त्या अब्बांसमोरच म्हणायच्या. अब्बा हात पुढे करून बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे.

कढीपत्ता पिवळा पडायला लागला. आधी खालच्या काड्या, मग मधल्या. झाडाला नुसता हात लावला तरी पानं गळायची. गॅलरीत झाडू मारताना मला दरवेळी वाईट वाटायचं, आणि झाडापेक्षा जास्त वाईट अब्बांचं वाटायचं. एवढं एक काम दिलं होतं, तेही जमत नाही, असं आमच्या सगळ्यांच्याच मनात होतं.

अशात नांदगावहून मुझफ्फर चाचा आले. अब्बांचे धाकटे भाऊ. कापडाचं दुकान, मोठं घर, दोन मुलं, दोन सुना आणि मन त्याहून मोठं. या माणसावर रागावताही येत नाही, हीच त्यांच्याशी अडचण. भाईजानसाठी त्यांनी खालची खोली रंगवून घेतली होती, बाथरूमला धरायचे दांडे बसवले होते. अब्बांच्या समोर बसून ते आमच्याशी बोलत होते. अम्मी कशा खंगल्यात, शहजाद दिवसभर अंबडला कंपनीत, मी शाळेत. त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग ते गॅलरीत सिगारेट ओढायला गेले, झाड बघून परत आले आणि अम्मींना म्हणाले,

"भाभी, भाईजानला आता एक कुंडी सांभाळता येत नाही. तुम्ही एकट्या त्यांना कुठवर सांभाळणार?"

अम्मी म्हणाल्या, तुम्ही सगळे म्हणाल तसं. शहजाद म्हणाला, अम्मी म्हणतील तसं. माहेनूर रडली. पुढच्या रविवारी चाचा गाडी घेऊन येणार, असं ठरलं. अब्बा स्वतःच्या पावलांकडे बघत बसले होते. त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी कप उचलून आत गेले.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या सुमनबाई वर आल्या. सुमनबाई कारणाशिवाय जिना चढत नाहीत आणि चढल्या की कारण संपूर्ण सांगितल्याशिवाय उतरत नाहीत. त्यांची तक्रार अशी, की आमच्या गॅलरीतून त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी पडतं. एखाद्या वेळी पडलं तर त्या बोलल्या नसत्या, शेजारधर्म त्यांनाही कळतो. पण सकाळी पडतं, दुपारी पडतं, संध्याकाळी चादरीची घडी करायला गेलं तरी पडतं. ओळंब्याला लावल्यासारखं नेमकं त्यांच्या पांढऱ्या चादरीवरच.

"आफिया, तू शिकवतेस ना शाळेत? मग मला सांग, कढीपत्त्याला दिवसातून किती वेळा पाणी घालतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आमचे अब्बा घालतात, आणि ते तर घालायचंच विसरतात. सुमनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी शाळेत नेमकं काय शिकवते याची त्यांना शंका आली असावी. त्या गेल्या, पण मी दारातच उभी राहिले. किटली भरलेली परत येते. मग खाली गळतं ते पाणी कुठून येतं?

शनिवारी मी सुट्टी टाकली. चाचणीचे पेपर घेऊन गॅलरीच्या दाराशी बसले आणि तपासण्याचं नाटक करत बघत राहिले.

सगळ्यात आधी शहजाद. ऑफिसची बॅग खांद्याला, हातात रात्रीची पाण्याची बाटली. निम्मी प्यायला आणि उरलेली कुंडीत ओतली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर हळू आवाजात म्हणाला, अब्बा विसरतात ना, त्यांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. हा रोज करत होता आणि मला पत्ता नव्हता.

मग अम्मी आल्या, हातात काचेचा ग्लास. अब्बा आजारी पडल्यापासून घरात दम केलेलं पाणी येतं. कुणी ना कुणी दुआ पढून पाण्यावर फुंकर घालतं आणि ते पाणी आजाऱ्याला पाजायचं असतं. अम्मी स्वतःही रोज नमाजनंतर पढतात. अब्बा तीन घोट घेतात. उरलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे बेअदबी. ते अशा जागी घालायचं जिथे कुणाचा पाय पडणार नाही. आमच्या फ्लॅटमध्ये पाय न पडणारी माती फक्त एका कुंडीत. अम्मींनी ग्लास अलगद, तोंडाने काहीतरी म्हणत, झाडाच्या बुंध्याशी रिकामा केला. दुपारच्या नमाजनंतर पुन्हा एक ग्लास. तिसरी माहेनूर, ती रोज संध्याकाळी तिच्या घरून दम केलेल्या पाण्याची बाटली घेऊन येते, मोठी, लिटरची, आणि उरलेलं तेही कुंडीतच.

आणि चौथी मी. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला फार पौष्टिक असतं, असं मोबाइलवर एका बाईंनी सांगितलं होतं. पिवळी पानं बघून मी रोज पातेलंभर घालत होते. मी ते झाडाचं औषध समजत होते, पाणी समजतच नव्हते. तसं तर आमच्यातलं कुणीच पाणी घालत नव्हतं. शहजाद बापाची चूक झाकत होता, अम्मी दुआ सांभाळत होत्या.

शहजाद आणि अम्मी यांच्या मधल्या वेळात अब्बांचा चहा झाला. किटली घेऊन, भिंतीला खांदा लावत ते आले. मी मान खाली घालून पेपरांवर लाल पेन फिरवत राहिले. त्यांनी किटली स्टुलावर ठेवली. कठड्याला टेकून सावकाश वाकले आणि डाव्या हाताचं बोट मातीत खुपसलं, चांगलं अर्ध्यापर्यंत. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे थोडा वेळ तसेच थांबले. बोट बाहेर काढलं, अंगठ्याने त्यावरची माती चोळून पाहिली. मग कठड्याला बोट पुसलं, भरलेली किटली उचलली आणि वळले.

ते माझ्याजवळ आले तेव्हा मी विचारलं, "अब्बा, माती ओली आहे?"

ते थांबले. दिवाळीपासून त्यांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊक नाही. जेवलात का, दुखतंय का, बरं वाटतंय ना, हे सगळे प्रश्न आम्ही उत्तरासकट विचारायचो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. हो. त्या हो मध्ये राग होता, इतका, की किटलीचं झाकण वाजलं.

मी उठून कुंडीत बोट घातलं. आत गारठलेला चिखल, आणि मोरी तुंबल्यासारखा वास. ते रोज येऊन हे बघत होते. कुणीतरी घालतंय हे त्यांना कळत होतं, सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांच्या हातात होतं तेवढं ते करत होते, आपण घालत नव्हते. सबंध घरात त्या झाडाची खरी काळजी घेणारा एकच माणूस होता आणि त्याला आम्ही वेड्यात काढलं होतं. मला रडू आलं. अब्बांना माझं रडणं दिसलं तसे ते खोलीत निघून गेले. टेम्पोवाल्या माणसाला बायकांचं रडणं सोसत नाही.

संध्याकाळी माहेनूर बाटली घेऊन आली तेव्हा मी सगळ्यांना गॅलरीत बोलावलं. अब्बांनाही. कोण कोण पाणी घालतं ते सांगा म्हटलं, आणि पहिला हात स्वतःचा वर केला. मग एकेक जण कबूल होत गेला. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच घालतो आणि तेही थोडंसंच. शहजाद हसायला लागला आणि मध्येच थांबला. मग अब्बा एवढे दिवस काय करत होते ते मी सांगितलं.

अम्मींना ते खरं वाटेना. तेव्हा अब्बा पुढे झाले, त्यांनी अम्मींचा हात धरला, त्यांचं बोट सरळ केलं आणि मातीत घातलं. अम्मी वाकलेल्याच राहिल्या. बोट बाहेर काढल्यावर त्यांनी आपल्या नखातली माती पाहिली.

"मी रोज यांची नखं घासत होते," एवढंच त्या म्हणाल्या.

दम केलेल्या पाण्याचा तोडगा त्यांनीच काढला. ग्लास बंद, उद्यापासून चहाचा लहान कप. तीन घोट बसतील एवढंच पाणी पढायचं, म्हणजे उरायचा प्रश्नच नाही. माहेनूरची लिटरची बाटली तिने मुकाट परत नेली. शहजादने कुंडी उचलून खालची थाळी काढली, तुंबलेलं भोक काडीने मोकळं केलं आणि कुंडी दोन विटांवर ठेवली. अब्बा डाव्या हाताने दाखवत होते, अजून इकडे, अजून थोडी. मग बस, असा हात केला. यापुढे कुंडीत थेंब पडला तरी अब्बांना विचारून, असं मी जाहीर केलं. मी जाहीर केलं की सहसा आमच्या घरात कुणी ऐकत नाही, पण त्या दिवशी ऐकलं.

एवढ्याने नांदगाव टळलं, असं कुणी समजू नये. रात्री शहजाद मला म्हणाला, कुंडीचं कळलं ते ठीक, पण अम्मींच्या रात्रींचं काय? चाचांनी खोली रंगवलीय. त्यात काही खोटं नव्हतं. अम्मींच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, भाजी निवडता निवडता त्यांची मान पडायची. अब्बांची बॅग भरून दाराजवळ ठेवलेली होती.

रविवारी सकाळी चाचांचा फोन आला, निघालोय म्हणून. मी अब्बांच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. आवाज मुद्दाम नेहमीसारखा ठेवला.

"अब्बा, नांदगावला जावं असं तुम्हाला वाटतं का?"

मी थांबले. थांबणं माझ्या स्वभावात नाही, वर्गातसुद्धा पोरांच्या आधी मीच उत्तर सांगून मोकळी होते. पण थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी डावा हात उचलला आणि स्वयंपाकघराकडे दाखवला. मला वाटलं चहा हवा. मी उठायला लागले तर त्यांनी नकाराची मान हलवली आणि पुन्हा तिकडेच हात केला. आत भांड्यांचा आवाज येत होता.

"अम्मींना विचारू?"

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हो.

मी अम्मींना बोलावलं. त्या ओढणीला हात पुसत दारात आल्या, मागे शहजादही आला. मी म्हटलं, अब्बा विचारतायत, तुमच्या मनात काय आहे. अम्मींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अब्बांकडे. मी हे माझ्या मनाने जोडत नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली असावी. अब्बा त्यांच्याकडेच बघत होते. अम्मी पलंगाच्या काठावर बसल्या.

"मला कुणी विचारलंच कुठे," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात, हमीदा थकली. थकलेय मी. पण थकले म्हणजे मला माणूस नको झालाय असं नाही. मला झोप हवी आहे. बाकी काही नको. आणि हे कुठे जाणार नाहीत."

शहजाद दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो म्हणाला की आजपासून रात्री या खोलीत मी झोपेन. मी म्हटलं, एक आड एक, मीही. अम्मींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या तिथेच, अब्बांच्या बाजूला, जरा आडवी होते म्हणून कलंडल्या आणि बघता बघता झोपल्या. भर सकाळी, कुकरची शिट्टी व्हायची असताना. मी गॅस बंद करून आले.

मुझफ्फर चाचांना जिना चढतानाच बोलायची सवय आहे. खालच्या मजल्यापासूनच त्यांचा आवाज येऊ लागला, भाईजान तयार आहेत ना, ऊन व्हायच्या आत निघू. त्याच आवाजात ते खोलीच्या दारापर्यंत आले. अब्बा पलंगावर ताठ बसले होते. अम्मींच्या अंगावर त्यांनी एका हाताने आपली शाल ओढली होती, अर्धीमुर्धी, वाकडी. चाचा दिसताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

चाचा वाक्य अर्धं सोडून थांबले. त्यांनी झोपलेल्या भाभींकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, दाराजवळच्या बॅगेकडे पाहिलं. मग पायातले बूट तिथेच काढले, आवाज न करता खुर्ची ओढली आणि भावासमोर बसून राहिले.